एकोणसत्तर

घड्याळं तासभर मागे सरकवली त्या रविवारी
वर्क्सवर्थच्या वरच्या अंगाला, बंद खाणीच्या वाटेवर
ऋजू पुढे, मी मागे.
कानटोपीवर ताणून बसवलेला तिचा टॉर्च
मान वळेल तिकडे झाडं उभी करत चालला होता.
माझा हातातला, औषधांच्या दुकानातून उचललेला,
बॅटरी निम्मी.

वाट कुणीतरी आखून ठेवलेली, पण दिवसा ती नसतेच.
बुंध्यांवर चकाकत्या टाचण्या, तांदळाएवढ्या,
उजेड पडला तर आहेत.
एक टाचणी : सरळ. दोन : उजवीकडे.
तीन दिसल्या की थांबा आणि डोकं चालवा.

तीन दिसल्या.
खाली बाक, बाकावर पितळी पट्टी :
वॉल्टर स्पेंडलव्ह, १९२१ ते १९९०,
याला इथं बसायला आवडे.
कोडं म्हणत होतं, याच्या आयुष्याची वजाबाकी करा,
तिप्पट करा, चार मिळवा,
पश्चिमेचे शेवटचे तीन आकडे हाती येतील.
मी तोंडी केलं. तोंडी म्हणजे मराठीत.
"एकोणसत्तर," म्हणाले.
तिने फोनवर टिपून घेतलं.

कुत्रं घेऊन एक आजोबा आले, दोन टॉर्च बघून थबकले.
"काही हरवलंय का, डक?"
इकडे मायेने माणसाला बदक म्हणतात.
"हरवलं नाहीये," ऋजू म्हणाली, "शोधतोय."
त्यांना ते पटलं असावं. कुत्र्याला नाही.

फोनवरचा बाण कुंपण ओलांडून पलीकडे घेऊन गेला,
चिखलात, ब्लॅकबेरीच्या काट्यांत,
शून्य मीटर म्हणाला आणि गप्प बसला.
शून्य मीटरवर काही म्हणजे काही नव्हतं.
चाळीस मिनिटं आम्ही दगड उलथले,
गोगलगायींची झोपमोड केली.

मग कुजबुज : आई, दोन.
गवतापल्याड, हिरवट, शेजारी शेजारी.
दोन म्हणजे उजवीकडे.
आम्ही वळलोसुद्धा.
टाचण्याही वळल्या.
मिटल्या.
उघडल्या.

हरीण हललं नाही. आम्हीही नाही.
किती वेळ, ते कुठल्याच भाषेत मोजलं नाही.

गेल्यावर म्हटलं, दाखव बघू काय टिपलंस.
७९.
"एकोण म्हणजे नऊ ना? सत्तर आणि नऊ."
"एकोण म्हणजे एक उणा गं. सत्तर अजून यायचेत.
दारात उभं राहून घराचं नाव सांगावं, तसं."
"मग आत गेल्यावर सांगा ना!"
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
दिवसभर मी गोळ्या मोजते, इंग्रजीत, कधी चुकत नाही.

म्हणजे आम्ही वॉल्टरला दहा वर्षं देऊन टाकली होती.
दोन हजार साल दिसलं असतं त्याला,
गुडघे सांभाळत बाकापर्यंत आला असता, किंवा नसता.
दहा वर्षं, तिप्पट करून जमिनीवर अंथरली
तर तेहतीस मीटर भरतात.
तेवढे मागे आलो.

दगडी गडग्यात, एका सैल दगडामागे,
फिल्मच्या रिळाची काळी डबी.
आत दमट कागदाची गुंडाळी, नावंच नावं, आणि पेन्सिल गायब.
पर्समध्ये काजळ होतं.
तिने देवनागरीत लिहायचं ठरवलं,
ऋ काही जमेना, काजळाचं टोक मोडलं,
शेवटी लिहिलं, रुजू.
राहू दे म्हटलं. हजेरीचाच तर कागद.

गाडीत काचांवर वाफ, पायांत पाव किलो डर्बीशायर.
मी परीक्षा घेतली : "एकोणऐंशी म्हणजे किती?"
ती बराच वेळ बोलली नाही.
मग काचेवर बोटाने दोन ठिपके काढले,
शेजारी शेजारी.
"सेव्हन्टी-नाइन," म्हणाली, "जिथे हरीण होतं."